लांब चाललीस का, आत्या?

नीराबाईचा संशय फोनवर नव्हता, फोन धरणाऱ्या हातावर होता. आणि हात तिच्या सख्ख्या भाचीचा, दिपालीचा. दिपाली रेवदंड्यातल्या माणसांची मिनिटभराची रील्स बनवायची. आता तिला आत्या हवी होती, ओहोटीला खडकावर बसून दगडाला चिकटलेली कालवं फोडणारी.

नीराबाईचा कालवांचा खडक सासूने दाखवलेला. त्यावरच तिचं घर चाललं होतं. पलीकडच्या गावातल्या तिसऱ्या-शिंपल्यांचं रील कुणी टाकलं, तर दर रविवारी गाड्या भरभरून लोक आले नि सगळा किनारा उकरून गेले. ते तिने पाहिलं होतं.

"जागेचं नाव टाकणार नाही, शप्पथ," दिपाली म्हणाली.

"तू न्हाय टाकलंस तर त्यो फोन टाकंल."

तरी सकाळी डबा नि कोयती घेऊन नीराबाई उंबरा ओलांडते तोच फोन उभा धरून दिपाली समोर हजर.

"आत्या, कुठं चाललीस?"

नीराबाई तशीच मागे वळली, चुलीपाशी जाऊन बसली.

"अगं, काय झालं?"

"दर्यावर निघाल्या माणसाला 'कुठं' विचारत्यात? गेली आजची ओहोटी."

"पण पहिल्याच प्रश्नाला बघणारा अडकला पाहिजे ना. त्याला हुक म्हणतात."

"गळ म्हण. मंग मासा कोन, मी?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सवयीने निघून गेलं तोंडातून, असं दिपालीचं म्हणणं.

"सवय का डाव? माझा खडक काढून घ्यायला निघालीस तू."

"मला खडक घेऊन काय करायचंय, आत्या?"

"त्येच तर कलत न्हाय."

शेजारचा गुणाजी जाळं शिवता शिवता म्हणाला, "पोरी, 'लांब चाललीस का' इचारावं. आपल्यात तसंच हाय."

पुढल्या ओहोटीला दिपालीने तसं विचारलं.

"न्हाय गो, जवलंच," नीराबाई इतकं गोड बोलली की गुणाजीने मान वर केली. आणि रोजची खाडीची वाट सोडून ती सुरूच्या बनाकडे निघाली. तिथल्या उघड्याबोडक्या खडकावर बसून तिने कोयती चालवली. दिपाली चहूबाजूंनी टिपत राहिली.

रील सुसाट पळालं. रविवारी नीराबाई दाराबाहेर पडते तर समोर पांढरी गाडी. काच खाली आली.

"मावशी, तुम्हीच ना त्या? कुठे चाललात?"

नीराबाईने डबा खाली ठेवला. ही पण ओहोटी गेली.

तेव्हापासून ओहोटीच्या वेळी दिपाली गल्लीच्या तोंडाशी उभी राहू लागली. एकदा नीराबाईने आडून ऐकलं, दिपाली एका गाडीवाल्याला सांगत होती.

"आत्याला काही विचारू नका. कालवं ना? सरळ जा, सुरूच्या बनामागे."

गाडी गेल्यावर नीराबाई पुढे आली. "तुला ठावं व्हतं? तिकडं काय न्हाय ते?"

"डबा रिकामा वाजत होता, आत्या. रीलमध्ये आवाज येतो."

नीराबाईची नजर तिच्या हातांकडे गेली.

"फोन कुठं हाय?"

"घरी."

"हात दाखव."

दिपालीने दोन्ही तळवे उघडे केले. मग हळूच विचारलं, "लांब चाललीस का?"

"जवलंच," म्हणत नीराबाई तिच्या देखत खाडीकडे वळली. वळणापर्यंत दोनदा मागे बघून.