तळाशी उरलेला गाळ

लोणावळ्यातल्या लॅबमधल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. बायकोच्या पोटातून काढलेलं पाणी यंत्रात फिरवून झाल्यावर त्याने एक डोळा मिटून नळी उजेडात धरली. तळाशी चिमूटभर गाळ होता. वरचं पाणी ओतून त्याने तो तेवढा ठेवला.

"हे कशाला जपता?" मी कुतूहलाने विचारलं.

"पहिल्या नळीतला गाळ दुर्बिणीखाली बघितला. पेशी कॅन्सरच्या वाटत्यात, पण आल्या कुटनं ते कळत न्हाई. मेणात बसवून पुण्याला धाडतो. तितं आणखी तपासण्या करून शोधतील." त्याने फॉर्म ओढला. "त्रास कधीपासून?"

"आठ दिवस."

बायको खाली बघत राहिली. त्याने पेन टेकवलं नाही. "भाऊ, माहिती चुकली तर शोध भलतीकडंच जातो."

"चार महिने," मी म्हणालो. "ती सांगत होती. मीच ॲसिडिटी म्हणून टाळलं."

"पाच," बायको म्हणाली.

त्याने पाच लिहिलं.