मंगळाकडे निघालेली माणसं

मी लग्न होऊन दिवेआगरला आले तेव्हा अजून कुणी माणूस अंतराळात गेलेला नव्हता. आमच्या पालीच्या घरात मात्र दर गुरुवारी संध्याकाळी चार माणसं मंगळाकडे जात असत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी हौसेने रेडिओ घेतला होता. गावात वीज नव्हती, त्यामुळे तो एका जाडजूड बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी जपण्यासाठी अण्णांनी कडक नियम केला होता: बातम्या लावायच्या आणि गुरुवारचं नभोनाट्य लावायचं, बाकी काही नाही. आई म्हणायची, "दोघं बापलेक त्या खोक्याला कान लावून बसता, एखाद्या दिवशी कान तिथंच चिकटतील."

ते नभोनाट्य म्हणजे एक लांबलचक मालिका होती. एका यानातून चार माणसं मंगळाकडे निघालेली. एक कप्तान, एक म्हातारा मिस्त्री, एक सारखा आकडेमोड करणारा तरुण आणि एक डॉक्टरीणबाई. मला सगळ्यांत जवळची वाटायची ती डॉक्टरीणबाई. तिचा आवाज जरा घोगरा होता. घाबरली की ती हळू बोलायची, ओरडायची नाही. अण्णा मध्येमध्ये चुका काढत. "स्फोटाचा आवाज कसा येईल? तिथं हवा कुठाय?" मी म्हणायची, "अण्णा, गप्प बसा ना, पुढचं जातंय." मग ते हसून गप्प बसत, आणि कार्यक्रम संपला की पाटीवर गोल काढून मला मंगळाची वाट समजावून सांगत.

माझं लग्न माघात ठरलं. लग्नाआधीच्या गुरुवारी घरात पाहुणे होते, पापड वाळत होते, तरी आम्ही दोघं कोपऱ्यात बसून तो भाग ऐकलाच. यानाचं काहीतरी बाहेरून बिघडलं होतं. डॉक्टरीणबाई दोर बांधून दुरुस्तीला बाहेर गेली. काम झालं, ती परत दाराशी आली, आणि दार आतून उघडेना. मिस्त्री हातोडा मारतोय, कप्तान ओरडतोय, आणि बाहेरून ती हळू आवाजात सांगतेय, "घाई करू नका. मी इथेच आहे." तिथं संगीत वाजलं आणि भाग संपला.

पुढच्या गुरुवारी मी दिवेआगरच्या वाडीत नारळीखाली भांडी घासत होते.

सासरचं घर चांगलं होतं, हे आधी सांगते. मागे वाडी, नारळीपोफळी, रहाट, पलीकडे समुद्र. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात सासरे, त्यांना आम्ही सुना मामा म्हणायचो, आणि मोठी जाऊ. माझा नवरा मुंबईला नोकरीला होता, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. मोठे दीर आगबोटीवर खलाशी होते. ते आफ्रिकेकडे जाणाऱ्या बोटीवर गेले होते, आणि कित्येक महिन्यांत त्यांचं पत्र आलं नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

रेडिओ आमच्या घरातच काय, आळीतही नव्हता. एरवी मला त्याची आठवण होत नसे. दिवसभर सुपाऱ्या सोलायच्या, पाणी शेंदायचं, भात शिजवायचा. पण गुरुवार आला की दिवेलागणीला माझं चित्त थाऱ्यावर राहत नसे. एका गुरुवारी मी आमटीत दोनदा मीठ घातलं. मामा भातावर ताक घेऊन जेवले. जाऊबाई मात्र मला मागल्या दारी घेऊन गेल्या.

"काय गो, माहेरची याद येते?"

"तसं नाही," मी म्हटलं. मला लाज वाटत होती. आईबापांसाठी रडणारी नवी सून कुणालाही समजते. गोष्टीसाठी रडणारी कशी समजावी? शेवटी सांगून टाकलं. "जाऊबाई, एक बाई बाहेर अडकलीय. दार उघडत नाही. तिचं पुढं काय झालं, मला कळलंच नाही."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "कुणाची बाई? तुज्या नात्यातली हाय? बोट फुटली काय?"

मग मी बसून सगळं समजावलं. रेडिओ, मंगळ, यान, चार माणसं. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग त्यांच्या घरची मानसं? ती काय करतात?"

मालिकेत घरची माणसं कधी आलीच नव्हती. "ते दाखवलं नाही," मी म्हटलं.

"असं कसं? कुनीतरी असंल ना वाट बघनारं," जाऊबाई म्हणाल्या, आणि उठून गोठ्याकडे गेल्या.

चैत्र संपता संपता मामा बैलगाडीतून सुपारी घेऊन बोर्ली पंचतनला निघाले. दिरांचं पत्र तिथं पोस्टात पडून राहिलंय का, हे स्वतः विचारायला जाऊबाई त्यांच्याबरोबर जायच्या होत्या. त्या दिवशी गुरुवार होता. जाऊबाई मामांना म्हणाल्या, "हिलापन घेऊ. नव्या सुनेनं बाजार बघितला न्हाय अजून."

पोस्टात काही नव्हतं. पोस्टमास्तरांनी मान हलवली, तेव्हा जाऊबाईंनी "बरं" एवढंच म्हटलं आणि पदर डोक्यावर पुढं ओढला. मला वाटलं, आता घरी जावं. पण मामांचं काम उरकेपर्यंत ऊन उतरलं, आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेडिओ लागला. सरकारने गावासाठी दिलेला तो रेडिओ शिपाई कुलपातून काढून लावायचा, आणि पुरुष माणसं घोंगडीवर बसून बाजारभाव ऐकायची. आम्ही दोघी रस्त्यापलीकडे गाडीपाशी उभ्या होतो. रेडिओची ती खरखर कानावर आली आणि मी गाडी सोडून तिकडे वळले.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सरळ रस्ता ओलांडून ओट्यापाशी गेल्या आणि मामांना म्हणाल्या, "मामा, भाव सांगून झालं की मुंबईची नाटकं लागतात ती लावायला सांगा."

"कशाला?" मामा म्हणाले. घोंगडीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

"हिची एक बाई मंगळाच्या वाटंवर भायेर अडकलीय. दार उघडलं का न्हाय ते ऐकायचं हाय."

लोक हसले. शिपाई सर्वांत मोठ्याने हसला. मी गाडीच्या चाकामागे तोंड लपवलं. मामा हसले नाहीत. माझ्याकडे बघून ते शिपायाला म्हणाले, "लाव रे."

शिपायाने खुंटी फिरवली. खरखर, एक शिट्टी, मग स्वच्छ आवाज. मी नकळत ओट्याच्या पायरीपर्यंत आले होते. निवेदिकेने सांगितलं की आता ऐकू या घरातल्या माश्यांपासून होणारे रोग आणि त्यावरचे उपाय.

तिथं एक मास्तर बसले होते. ते म्हणाले, "मुली, ती मंगळाची मालिका ना? ती मागच्या आठवड्यात संपली."

"शेवट काय झाला?" मी विचारलं. परक्या पुरुषाशी चारचौघांत बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"ते काही मला ठाऊक नाही. पेपरात कार्यक्रम छापून येतात, त्यात वाचलं."

कुणी बाजारभावांकडे परत वळा म्हटलं नाही. मामांनी लावायला सांगितलं होतं, म्हणून सगळ्यांनी माश्यांवरचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. मामाही मांडी घालून, गंभीर चेहऱ्याने, अन्न झाकून ठेवण्याचे फायदे ऐकत होते. तेव्हा मला रडू येत होतं; पुढे ते भाषण आठवून जाऊबाई आणि मी हसून हसून लोळलो आहोत.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा. वाड्या दिसायला लागल्या तशा जाऊबाई एकदम म्हणाल्या, "संपली म्हनजे मानसं घरला पोचली असतील. त्याबिगर कशी संपंल?"

अशा गोष्टी वाईटही संपतात, हे मला माहीत होतं, आणि त्या कुणाबद्दल विचारतायत, हेही माहीत होतं.

पुढे बसलेले मामा मागे न वळता म्हणाले, "पोचली असतील." थोड्या वेळाने बैलांना हाकारत पुन्हा म्हणाले, "पोचली असतील गो."

त्यानंतर गुरुवारची संध्याकाळ आम्हा दोघींची झाली. भात चुलीवर चढवला की जाऊबाई विचारायला लागायच्या. ती माणसं जेवायची काय? अंघोळ कशी करायची? वर गेल्यावर खाली पडत कशी नाहीत? अण्णांनी पाटीवर समजावलेलं सगळं मी चुलीपुढच्या राखेत काडीने काढून दाखवायची. कधी चुकीचं सांगायची, कारण मलाच ठाऊक नसायचं. मिस्त्रीबद्दल जाऊबाईंचं मत चांगलं होतं. आकडेमोड करणारा तो तरुण त्यांना आळशी वाटायचा. पावसाळाभर हे चाललं. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की मी त्या मालिकेसाठी झुरायची थांबलेय. मला गुरुवारची वाट बघावीशी वाटते ती जाऊबाई आज काय विचारतील म्हणून.

नवरात्रात मोठे दीर आले. न कळवता, पाठीवर पेटी घेऊन, काळे ठिक्कर पडलेले. बोट कुठल्याशा बंदरात दुरुस्तीसाठी अडकून पडली होती आणि त्यांनी टाकलेली पत्रं वाटेतच कुठे गेली कोण जाणे. जाऊबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि त्या आत आल्या. आत येऊन माझा दंड एवढा घट्ट धरला की बोटांचे वळ उठले.

दोन दिवसांनी दीर जेवत असताना जाऊबाईंनी विचारलं, "तुमी बोटीच्या भायेर दोराला लटकून काम करता काय?"

"करतो ना. रंग लावायला उतरावंच लागतं."

"आनि वर वढून घेतात?"

"मग काय तिथंच ठेवतात?" दीर हसले.

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या पानात भात वाढला.

दिवाळीला मी पालीला गेले. वाटेत एकच विचार होता: अण्णांनी शेवट ऐकला असणार. घरात पाऊल टाकलं, आईला भेटले आणि थेट विचारलं, "अण्णा, दार उघडलं का?"

अण्णा चष्मा पुसत बसले होते. त्यांना लगेच कळलं मी काय म्हणतेय. पण ते पुसतच राहिले. "त्या वेळी बॅटरी उतरली होती," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काहीतरीच काय सांगता? बॅटरी चांगली होती. बातम्या रोज लागतात. अगं, तू गेल्यापासून गुरुवारी त्या वेळेला हे चप्पल घालून बाहेर पडायचे. देवळापर्यंत जायचे आणि अंधार झाल्यावर यायचे. म्हटलं, नाटक नाही का ऐकायचं? तर म्हणे, आता त्यात काही राम नाही."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चुका फार करायचे ते," ते म्हणाले. "चुका काढायच्या तर गप्प बसा म्हणणारं कुणीतरी नको का शेजारी?"

एवढे महिने मला वाटत होतं की पालीच्या घरात ती माणसं पुढे पुढे चालली आहेत, मी एकटीच मागे राहिलेय. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि दिवेआगरबद्दल सांगू लागले. बोर्लीच्या माश्यांबद्दल सांगितलं तेव्हा अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाऊबाईंचे प्रश्न सांगितले. घरची माणसं काय करतात, हा प्रश्न ऐकून ते हसायचे थांबले. "हे मालिका लिहिणाऱ्याला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. "हुशार बाई आहे. अंघोळीचं काय उत्तर दिलंस?"

"ओल्या फडक्याने पुसून घेतात म्हटलं."

"बरोबर. आणि ते फडकं पिळलं तर पाणी कुठं जाईल?"

मी पदराचं टोक पिळून बघितलं. अण्णा उठले, आणि फळीवरची पाटी शोधायला लागले.