गिरीराजने कापलेली खिडकी

गिरीराज कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला खिडक्या बसवायचा. गेम खेळणाऱ्यांना आतले दिवे आणि पंखे बाहेरून दिसायला हवे असतात. पारदर्शक कॅबिनेटं बाजारात मिळतात. ज्यांना आहे तेच ठेवायचं असे, ते चामराजपेटला त्याच्याकडे येत. बाजूच्या पत्र्यावर टेप चिकटवून तो खुणा करी, कोपऱ्यांना भोकं पाडून जिगसॉची विजेवरची करवत घाली, कडा कानशीने घासून ॲक्रिलिक बसवी. त्या कडांवरून मी बोट फिरवून पाहिलंय. कुठेही लागत नाही.

तो निपाणीचा. महादेवपुऱ्यातली नोकरी गेल्यावर जयसिंगरावांनी त्याला आपल्या घराखालचा गाळा दिला. ते पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. आपला माणूस आहे, म्हणाले. गाळा मिळाला म्हणून गिरीराज या कानडी शहरात टिकला.

गिऱ्हाईकासमोर कॅबिनेट उघडायचं, आतल्या भागांवर मार्करने त्याची सही घ्यायची, म्हणजे पुढे भाग बदलल्याचा आळ नको, हा त्याचा नियम. नातीचं नवं मशीन जयसिंगरावांनी खाली पाठवलं, तेव्हा त्याने तो मोडला.

“अण्णांच्याच गाळ्यात बसून त्यांची सही मागू?”

मशीन त्यांच्या पुतण्याने, शौर्यने, जुळवून दिलं होतं. गिरीराजने ते माझ्यासमोर उघडलं. आतलं ग्राफिक्स कार्ड जुनं होतं. त्याच्या पंख्याचं एक पातं तुटलेलं.

“हे नवं?” मी विचारलं.

“गप बस. त्यांच्या घरातलं आहे.”

खिडकी बसली. दिवे लागले. शौर्यला घेऊन खाली आलेले जयसिंगराव वाकून बघू लागले आणि तसेच थांबले.

“हे काय? शौर्यनं नवं कार्ड घातलं होतं की.”

“उघडलं तेव्हा हेच होतं, अण्णा.”

शौर्य हसला. “मग नवं खिडकीतून उडून गेलं काय रे?”

“मी इथेच होतो,” मी म्हणालो. “मी पाहिलंय.”

“तू त्याचा दोस्त. दुसरं काय बोलणार?”

जयसिंगरावांनी गिरीराजकडे पाहिलं. “सही कुठाय?”

“घेतली नाही, अण्णा.”

“सगळ्यांची घेतोस ना? माझीच तेवढी राहिली?”

“तुम्ही घरचे म्हणून…”

“घरचा म्हणूनच हात मारलास. किल्ली ठेव.”

त्याने ठेवली. मला वाटलं, निदान आता तरी ओरडेल. त्याने वाकून जमिनीवरचा पत्र्याचा कीस गोळा केला.

आता त्या गाळ्यात शौर्यचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. खिडक्यांची मागणी आहे, पण कापता कोणाला येत नाही. मारतहळ्ळीत आमच्या खोलीवर तिथून ऑटोने कॅबिनेटचे पत्रे येतात. नुसते पत्रे. मशीन गिरीराजच्या हाती द्यायचं नाही, असं शौर्यने दुकानात बजावून ठेवलंय.

“तू त्याचं काम का घेतोस?” परवा न राहवून मी विचारलं.

“दुसरं काम दाखव,” तो म्हणाला, आणि जिगसॉ सुरू केली.