न विरघळलेली गोळी

आमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे पुतळी आखते. आखते म्हणजे, आखत होती. हे ‘होती’ कसं झालं ते सांगायला बसलो तर मला माझीच लाज काढावी लागणार आहे. पण सांगतो. दुसऱ्या कोणी सांगितलं तर मला सांभाळून घेऊन सांगेल, आणि ते मला नको आहे.

मी कान्हू. गाव गडब. पेणला हर्षदशेठच्या कारखान्यात शाडू मळायची आणि साच्यात दाबायची, हे माझं काम. अठ्ठावीस वर्षं झाली. पुतळीही मूळची गडबचीच, लग्न होऊन पेणला आली. नवरा विठू मिनीडोर रिक्षा चालवतो. एका गावची म्हणून ती मला दादा म्हणते, मी तिला पुतळे म्हणून हाक मारतो.

आमच्याकडे बायका रंगकाम करतात, घासकाम करतात. डोळे आखायचं काम पुरुषाचं, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. एका वर्षी ऐन आषाढात आमचा आखणीवाला हमरापूरच्या कारखान्यात निघून गेला. हर्षदशेठचे वडील डोक्याला हात लावून बसले. पुतळी म्हणाली, “मी बघू काय?” म्हातारा खेकसला, “बाईमाणसाचं काम नाय ते,” आणि चहाला गेला. परत आला तेव्हा फळीवर अकरा गणपती डोळे उघडून त्याच्याकडे बघत होते. म्हाताऱ्याने एकेक मूर्ती जवळून बघितली. मग आत जाऊन स्वतःचं स्टूल आणलं आणि तिच्यामागे ठेवलं. तेव्हापासून आखणी तिची.

भुवई ओढताना ती श्वास धरून ठेवायची. मूर्तीला दम द्यायची, “हलू नको रे.” आणि तेवढ्यात कोणी बोललं की रंगाचं फडकं त्याच्या तोंडावर बसलंच म्हणून समजा. मी पाच-सहा वेळा खाल्लंय ते फडकं.

तीन वर्षांपूर्वी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळायची नाही. कोमट पाण्यात तासभर हात घालून बसायची, मग कुंचला धरायची. पेणच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला, आठवड्याला एक गोळी सुरू केली. थोडं बरं वाटलं, पण पुरतं नाही. मग त्यांनीच सांगितलं, रोह्याला एका दवाखान्यात या दुखण्यावरच्या नव्या औषधाचा अभ्यास चाललाय, नाव घालून बघा.

मी संशयी माणूस. फुकट औषध, वर येण्याजाण्याचं भाडं, हे ऐकल्यावर माझे कान उभे राहिले. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. विठूला गाडी सोडून जमत नव्हतं, मी म्हटलं, “मी जातो हिच्यासंगती. बघू तरी काय भानगड हाय.”

माघात पहिल्यांदा पेणहून गाडीने रोह्याला गेलो. डॉक्टरीण तरुण होती, नमिता तिचं नाव. तिने पुतळीला खुर्चीत बसवलं आणि समोर कॅमेरा लावला. संमतीच्या कागदातलं एकेक कलम वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “समजलं का, ताई?” मी मागून खाकरलो.

“हे शूटिंग कशाला?”

“तुमच्यासाठीच. न सांगता औषध दिलं, असं कधी होऊ नये म्हणून.”

मी मनात म्हटलं, व्वा! आधीच पुरावा करून ठेवतेय बाई.

पुढचं तर त्याहून भारी. म्हणाली, निम्म्या लोकांना औषधाची गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, ते वर्षभर पेशंटलाही माहीत नसणार आणि तिलाही नसणार.

“डॉक्टरलाच माहीत नाय?” मी उडालोच.

“माहीत असलं तर माझी नजर बदलेल, काका. जिला औषध दिलंय तिचा हात मला उगाच बरा दिसायला लागेल.” मग पुतळीकडे वळून म्हणाली, “तुम्ही कधीही सोडून जाऊ शकता. फक्त सोडलंत तर मला सांगा. एवढंच मागते.”

पुतळीने सही केली. पेणला उतरेपर्यंत मी तिचं डोकं खाल्लं. शेवटी ती म्हणाली, “दादा, तू गप ऱ्हा जरा. हात तुझा हाय का माझा?”

चैत्रात तिची सूज उतरली. वैशाखात लहान मूर्तींची फळीच्या फळी तिने एका बसणीत आखली. एका सकाळी मला म्हणते, “दादा, आज कोमट पाणी लागलंच नाय.” मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “ऊन कडक पडलंय, उन्हाने वात उतरतोच. आन माझी निर्गुडी हाय की!” गडबला आमच्या बांधावरची निर्गुडी मी तिला दर आठवड्याला आणून देत होतो, शेकायला. हात सुधारला तर तो माझ्याच पाल्याने सुधारावा, असं मला मनातून वाटत होतं. खरं ते खरं.

रोह्याला दर महिन्याला आमना भेटायची. रोह्याला लागून अष्टमी गाव आहे, तिथे राहते, नवरा वाजिद कुवेतला. तिचंही दुखणं तेच आणि गोळीही तसलीच. जेठातल्या फेरीला बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, “मला तर गोळी घेतली की पोटात गरम वाटतं. माझी खरीच हाय गो.”

पुतळी म्हणाली, “मला कायच वाटत नाय.”

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी आमनाकडे तिची एक गोळी मागितली.

“कुणाला द्यायची नाय म्हणून सांगितलंय, भाई.”

“एकच दे. खायला नको, बघायला.”

तिने रुमालात बांधून दिली.

आता हे पाण्याचं समजून घ्या. बाजारात शाडू म्हणून प्लास्टर गळ्यात मारणारे कमी नाहीत. लोक तुटका तुकडा घेऊन माझ्याकडे येतात. मी तो पाण्यात टाकतो. शाडू असेल तर बघता बघता चिखल होतो. प्लास्टर असेल तर बसून राहतं ढिम्म. या परीक्षेने मला आयुष्यात कधी फसवलं नव्हतं.

मी दोन पेले घेतले. एकात आमनाची गोळी, एकात पुतळीची. जेवायच्या सुट्टीला बघितलं, तर आमनाची गोळी पिठासारखी फुगलेली. संध्याकाळी तिचा तळाला नुसता गाळ. आणि पुतळीची? जशी टाकली तशी. गुळगुळीत, रंगसुद्धा उडाला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तीच गत.

“प्लास्टर हाय हे गो, पुतळे,” मी म्हटलं. “जी पाण्यात विरघळत नाय ती पोटात काय विरघळणार?”

ती पेल्याकडे बघत राहिली. “डॉक्टरीणबाईंना विचारू?”

“विचार की! ती काय कबूल करणार हाय?”

“पण बोटं तर सुधारलीत माझी.”

“निर्गुडीने सुधारलीत. हे खोटं पोटात कशाला ढकलतेस? उद्या किडनी गेली म्हणजे?”

तिचा माझ्यावर विश्वास होता. बावीस वर्षं मी दाबलेल्या मूर्तीला तिने डोळे दिले होते. तिने गोळी बंद केली. पण औषध फेकवेना, म्हणून रोजची गोळी रंगाच्या रिकाम्या डबीत टाकायला लागली. महिना भरला की रोह्याला बाटली रिकामी दाखवायची. कोणाला काही सांगितलं नाही.

आषाढात तिची मूठ पुन्हा वळेना. आठवड्याची जुनी गोळी चालू होती, पण तिने भागेना. कोमट पाणी परत आलं. मी निर्गुडी दुप्पट आणायला लागलो.

श्रावणात एका मंडळाची मोठी मूर्ती होती. पुतळीने श्वास धरला, डावी भुवई ओढली आणि कुंचला मध्येच घसरला. पुसलं. परत ओढली, परत घसरला. तिसऱ्यांदा पुसून तिने हात मांडीवर ठेवला आणि रडली. बावीस वर्षांत मी तिला कामावर रडताना बघितलं नव्हतं. हर्षदशेठ आला. भला माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाला, “पुतळीताई, यंदा तुम्ही लहान मूर्तींचं रंगकाम बघा.” दुसऱ्या दिवशी हमरापूरहून आखणीवाला आला आणि तिच्या स्टुलावर बसला.

मला राग आला तो कोणाचा? त्या डॉक्टरणीचा! पुतळीला म्हटलं, “बघितलंस? खोट्या गोळ्या देऊन तुझं वर्ष खाल्लं त्या बाईने.”

रोह्याला डॉक्टरीण तिची बोटं दाबून बघायची आणि विचारायची, “ताई, गोळी रोज घेता ना?”

“घेते.”

ती मग माझ्याकडे बघायची. मी तिच्याकडे. आम्ही दोघंही एकमेकांवर डूख धरून होतो, असं तेव्हा मला वाटायचं.

वर्ष भरलं. पुन्हा माघ आला आणि बोलावणं आलं, अभ्यास संपला, कोणाला कुठली गोळी होती ते आता सांगणार. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. म्हटलं, आज या डॉक्टरणीला तोंडावर पाडतो.

डॉक्टरणीने कागद उघडला. “पुतळीताई, तुमच्या गोळीत औषध होतं.”

 डॉक्टरीण पुढे म्हणाली, “पहिले चार महिने सूज किती छान उतरली होती. मग मला कारण सापडेना. आता असंच लिहावं लागणार, की हे औषध तुम्हाला लागू पडत नाही. म्हणजे पुढे ते देताही येणार नाही.”

मी हसलो. मोठ्याने हसलो. “बाई, आम्हाला एवढं अडाणी समजू नका. औषध होतं म्हणे! आम्ही पाण्यात टाकून बघितलीय. आमनाबायची विरघळली, हिची दोन दिवस तशीच. म्हणून तर जेठापासून ही ती गोळी...”

पुतळीने माझी बाही धरली होती. पण तोंडातून निघून गेलं होतं.

डॉक्टरीण रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हळूच विचारलं, “जेठापासून घेतली नाही?”

पुतळीने पिशवीतून रंगाची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. “दर महिन्याला आणत होते. सांगेन सांगेन म्हणून.”

हे मला माहीत नव्हतं. माझ्या शेजारी गाडीत बसून ती डबी मांडीवर घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची.

डॉक्टरणीने समजावलं. ही गोळी एकदम विरघळण्यासारखी केलेलीच नाही. वरचं टरफल तसंच राहतं, त्याला बारीक छिद्र असतं, त्यातून औषध दिवसभर झिरपतं. पेल्यात दुसऱ्या दिवशी जे राहिलं होतं, ते रिकामं टरफल होतं. बिनऔषधाची गोळी बाहेरून तशीच दिसेल एवढंच बघितलं होतं, म्हणून आमनाची विरघळली.

“रिकामं?” मी विचारलं.

“हो, काका. दाबलं असतंत तर चपटं झालं असतं.”

साच्यातून काढलेली मूर्ती आतून पोकळ असते. मी ती रोज बोटाने वाजवून बघतो. त्या गोळीला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पुतळीने एकच विचारलं, “आता?”

“खरं सांगितलंत, आता औषध परत सुरू करता येईल. सूज उतरेल.” डॉक्टरणीने एक्स-रे उजेडावर धरला. “पण या दोन बोटांचं हाड सांध्यापाशी झिजलंय. ते भरून येत नाही.”

“कुंचला धरता येल?”

“जाड दांड्याचा येईल.”

डोळे जाड दांड्याने आखत नाहीत. ते डॉक्टरणीला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. पुतळीला माहीत होतं.

बाहेर आमना बसली होती. तिला आधीच सांगितलं होतं. “माझी खोटी निघाली गो,” ती म्हणाली. “मग वर्षभर पोटात गरम कसलं वाटत होतं?” पुतळी तिच्याजवळ बसली. दोघी थोडा वेळ हसल्या, आणि मला तिथे उभं राहवेना.

परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत पुतळी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, “पुतळे, मला शिव्या घाल. दोन कानाखाली मार. पण काहीतरी बोल.”

ती म्हणाली, “उद्यापासून गोळी तू द्यायचीस. रोज सकाळी, तुझ्या हाताने.”

“देईन.”

“आन निर्गुडी आणू नको.”

तेव्हापासून शाडूला हात लावायच्या आधी मी हात धुतो, पेल्यात पाणी घेतो आणि गोळी तिच्या तळव्यावर ठेवतो. ती माझ्याकडे बघत बघत गिळते. सूज बरीच उतरलीय. ती दोन बोटं मात्र वाकडी ती वाकडीच.

परवा तिचा जुना बारीक कुंचला घेऊन मी दांड्यावर चिंधी गुंडाळली, दोऱ्याने घट्ट बांधली आणि तिच्या हातात दिला. आखणीवाला जेवायला गेला होता. ती आपल्या स्टुलावर बसली. एक वीतभर मूर्ती पुढे ओढली, तिला म्हणाली, “हलू नको रे,” आणि श्वास धरला. भुवई ओढली. माझाही श्वास अडकला होता.

“चांगली आलीय,” मी म्हटलं.

“खरं सांग.”

मी परत बघितलं. 

“वाकडी हाय,” मी म्हटलं.

“मग पूस,” ती म्हणाली आणि फडकं माझ्या हातात दिलं. मी पुसली.