मालक समोर असल्याशिवाय

दर तासाला चार-सहा माणसं तिकीट काढून स्वतःला कोंडून घेतात आणि मग बाहेर पडण्यासाठी जिवाचं रान करतात. सुखाचा जीव दुःखात घालायची ही हौस कुलूपकाकांना पहिले काही महिने समजलीच नाही. आयुष्यभर त्यांनी घराबाहेर अडकलेल्यांना आत जायला मदत केली होती. आता धडधाकट माणसांना आत घालून वर त्यांची गंमत बघायची, म्हणजे उलटीच तऱ्हा.

पण कामात ते रुळले. वरच्या मजल्यावर एक अरुंद खोली, चार पडदे, एक माइक आणि उशी घातलेली खुर्ची. खाली तीन दालनं. पडद्यावर माणसं दोरीच्या जाळीला लटकतात, पाइपातून सरपटतात, भिंतीवरचे आकडे जुळवताना एकमेकांवर खेकसतात, आणि काका वरून बघतात. अगदीच गाडी अडली की माइकमध्ये बोलून सूचना द्यायची. एका गटाला फक्त तीन सूचना. "उंटावरून शेळ्या हाकायची नोकरी आहे माझी," असं ते विचारणाऱ्याला सांगत. गट बाहेर पडला की बारा मिनिटांत सगळा पसारा आवरायचा, आकड्यांची कुलपं शून्यावर फिरवायची, किल्ल्या लपवायच्या आणि पुढच्या गटाला आत घ्यायचं. हे काम मात्र त्यांच्यासारखं कुणाला जमत नसे. हात बसलेला होता.

सुटकेच्या खेळाचा हा सगळा कारभार एका बाईंचा. पूर्वी त्या शाळेत खेळ शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. शिट्टी अजून गळ्यात असे. कुलूपकाकांविषयी त्यांची एकच तक्रार होती.

"काका, तुम्ही फार लवकर सांगून टाकता. जरा अडकू द्या की त्यांना. अडकायलाच आलेत ते."

"बघवत नाही हो."

"मग डोळे मिटून बसा."

काका हसत, पण ही घाई त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती, आणि तिने त्यांचं एकदा पुरतं नुकसान केलेलं होतं. ते बाईंना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

त्यांच्या वडिलांचं कुलपांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसतील एवढी फळी, मागे भिंतीवर किल्ल्या आणि पुढे कानस, चिमटे, तेलाची डबी. दोन मुलगे. थोरला शांत, एक कुलूप तासभर हातात घेऊन बसणारा. धाकटा म्हणजे आपले काका. त्यांचं सगळं पी हळद अन् हो गोरी. पण हात असा चपळ की बाप मनातल्या मनात कौतुक करी आणि तोंडाने शिव्या घाली.

वडिलांचा नियम एकच होता. कुलूप उघडायला कुणी बोलावलं, तर हत्यार पिशवीतून काढायच्या आधी विचारायचं, "कुलूप कुणाचं?" मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. शेजारी-पाजारी विचारून खात्री करायची. वेळ लागतो? लागू दे. गिऱ्हाईक चिडतं? चिडू दे. वडील गेल्यावरही थोरल्या दादांनी हा नियम तसाच पाळला. काकांनीही पाळला, एक दुपार सोडून.

त्या दुपारी एक माणूस घाईघाईने आला. घामाघूम, हातात औषधांची पिशवी. किल्ली आत राहिली म्हणाला. दादा घरी जेवायला गेलेले. काका गेले आणि दोन मिनिटांत दार उघडून आले. रस्त्याने परत येताना स्वतःवर खूश होते, इतकं अवघड कुलूप इतक्या झटपट उघडलं म्हणून. विचारायचं तेवढं राहिलं.

ते घर त्या माणसाच्या मावशीचं होतं आणि मावशी दवाखान्यात होती. आठ दिवसांनी घरी आली तर कपाटं रिकामी. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती दुकानात आली, काठी टेकत, आणि नवं कुलूप मागितलं. दादांनी काढून दिलं. तिने ते हातात घेऊन विचारलं, "हे तरी माझ्यामागे उघडणार नाही ना?"

 ती गेल्यावर दादांनी फळी उचलली, शटर ओढलं. रात्री एवढंच म्हणाले, "तू विचारलं नाहीस."

काकांनी त्या वेळी "चुकलं" म्हणायचं होतं. एवढाच शब्द. त्याऐवजी ते म्हणाले, "मला काय स्वप्न पडलं होतं?" आणि मग एकातून एक निघत गेलं, जुनं-पुराणं सगळं. सकाळी काका दुकानातून आपली हत्यारं घेऊन निघाले आणि जाता जाता भिंतीवर टांगलेलं, वडिलांनी स्वतः घडवलेलं कुलूपही काढून पिशवीत टाकलं. न विचारता. चूक एकदा केली की दुसरी सोपी जाते.

याला अकरा वर्षं झाली. दादांनी पुढे दुकान बंद केलं, असं कुणीतरी सांगितलं. काकांनी अनेकदा दादांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पाय मागे घेतले. काय बोलणार? चुकलं म्हणायला एक मिनिट पुरतं, पण ते मिनिट गेलं की वर्षं पुरत नाहीत.

वडिलांचं ते कुलूप आता खालच्या तिसऱ्या दालनात होतं. दालनाचं नाव 'गोदाम'. आधी पाइपातून सरपटायचं, मग जाळी चढायची, मग मोठ्या तराजूवर पोती टाकून दोन्ही पारडी समान करायची. पारडी जुळली की एक झडप उघडते आणि किल्ली मिळते. शेवटी बाहेरचं दार, आणि दाराला आतून ते कुलूप. तळहाताएवढं, पितळेचं. किल्ली हातात असली तरी उपयोग नाही, कारण कुलपाला भोकच दिसत नाही. तोंडावर पाच खिळे आहेत. त्यातला खालचा डावा जोर लावून दाबला की एक पत्रा सरकतो. खिळा तसाच दाबून धरायचा आणि किल्ली उलटी फिरवायची. आत्तापर्यंत एकाही गटाला ते काकांच्या सूचनेशिवाय उघडता आलं नव्हतं. त्या वेळी बाई काकांना घाईबद्दल बोलत नसत, कारण इथे काका मुद्दाम वेळ लावत. लोक वडिलांच्या कुलपाशी झगडतात हे त्यांना बघायला आवडे.

त्या शनिवारी दुपारी 'गोदामा'त तीन मुली होत्या. अकरा-बारा वर्षांच्या, एकीचा वाढदिवस. लहानांबरोबर एक मोठं माणूस लागतं, असा इथला नियम. काका खुर्चीत टेकले आणि पडद्यावर त्या मोठ्या माणसाला पाइपात शिरताना पाहिलं. आधी पाठ दिसली. मग उजवा गुडघा न वाकवता पाय ओढायची ती लकब.

काका उभे राहिले. दादा म्हातारे झाले होते. मान बारीक झाली होती. पाइपाच्या मध्यावर ते थांबले आणि पलीकडून वाढदिवसवाली ओरडली, "आजोबा, या ना, हात द्या." म्हणजे ही त्यांची नात. काका घर सोडून गेले तेव्हा पाळण्यात होती.

जाळीपाशी काकांचा जीव टांगणीला लागला. दादांनी जाळी चढू नये असं त्यांना वाटत होतं, आणि दादा तर चढत होते. अर्ध्यावर गुडघ्याने दगा दिला, ते घसरले, दोरीला धरून लोंबले. मुलींनी खालून पाय धरून ठेवले. काकांचा हात माइकवर गेला होता. "डाव्या बाजूला शिडी आहे" एवढंच सांगायचं. पण आवाज ऐकला की दादा ओळखणार. मग कदाचित तिथूनच परत जाणार, नातीचा वाढदिवस अर्धवट टाकून. काकांनी माइक सोडला. दादा आपले आपण वर पोचले आणि काका धपकन खाली बसले.

तराजूपाशी गाडी अडली. नात कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "सूचना द्या."

भिंतीवर एक छोटा पडदा होता. माइक बिघडला तर त्यावर लिहून सूचना द्यायची सोय होती. काकांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहिलं: 'पोत्यांचे रंग बघा.' एवढ्याला दीड मिनिट लागलं.

"किती हळू देतात सूचना," एक मुलगी म्हणाली. काकांबद्दल असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.

पारडी जुळली, किल्ली मिळाली, आणि मुली दाराकडे धावल्या. घड्याळावर अकरा मिनिटं उरलेली. तिघींनी कुलूप उलटंपालटं केलं, हलवून पाहिलं, भोक शोधलं. मग नातीने हाक मारली. "आजोबा, तुम्ही बघा, तुम्हाला येतं ना कुलपांचं."

दादा आले. कुलूप हातात घेतलं आणि ते जागच्या जागी थांबले. खालच्या कोपऱ्यात एक पोचा होता. काका सात वर्षांचे असताना त्यांच्या हातून ते दगडी पायरीवर पडलं होतं, आणि मार दादांनी खाल्ला होता. दादांचा अंगठा त्या पोच्यावरून फिरला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

काका वर वाट बघत होते. आता दादा खिळा दाबतील, कुलूप उघडतील आणि दाराबाहेर पडतील. काकांनी खाली जायचं नाही असं ठरवलं, तर भेट झालीच नाही म्हणून सगळं मिटून जाईल. दादांना कळलं तरी ते बोलणार नाहीत. तोही एक मार्ग होता.

दादांनी कुलूप सोडून दिलं. ते वळले आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "मालक समोर असल्याशिवाय हे कुलूप मी उघडत नाही."

"आजोबा, दहा मिनिटं राहिलीत," नात म्हणाली.

"राहू देत."

"पण तुम्हाला येतं का ते?"

"येतं."

"मग?"

"दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नसतो, बाळा." आणि ते उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले, गिऱ्हाइकाची वाट बघावी तसे.

काका जिना उतरून आले. खाली टेबलाशी बाई होत्या. खेळ चालू असताना कुणी आत जायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी स्वतःही कधी मोडला नव्हता.

"कुठे निघालात? खेळ मोडेल."

"आत माझा भाऊ आहे."

"मग?"

"अकरा वर्षांनी दिसला."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मागचं छोटं दार दाखवलं. "इकडून जा. पाइपातून गेलात तर दोघांनाही मलाच काढावं लागेल."

पोत्यांमागच्या त्या दारातून काका आत आले. मुली चकित होऊन बघू लागल्या. दादा उठले नाहीत. काकांनी अकरा वर्षांत या क्षणासाठी निदान शंभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एक आठवेल तर शपथ.

दादांनी विचारलं, "कुलूप कुणाचं?"

अगदी वडिलांच्या सुरात. हत्यार काढायच्या आधी.

"माझं नाही," काका म्हणाले. "भिंतीवरून उचलून आणलं. तुला न विचारता."

"ते मला माहीत आहे. कुणाचं ते विचारतोय."

"बाबांचं."

 कुणी काही विचारत नव्हतं, आता सांगायचं काकांनाच होतं, आणि या वेळी कुणाकडून सूचना मिळणार नव्हती.

"त्या दिवशी मी विचारलं नाही, दादा," काका म्हणाले. "विचारायला हवं होतं. माझं चुकलं. त्या मावशींचंही मी वाटोळं केलं आणि तुझंही." त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"त्या मावशींकडे मी जात असे," दादा म्हणाले. "शेवटपर्यंत. त्या तुझी चौकशी करायच्या. तुमच्या दुकानात जोरात शीळ घालत बसणारा तो धाकटा कुठे आहे म्हणून."

नातीने घड्याळाकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, पण तिच्या मैत्रिणीने तिचा हात दाबला. चार मिनिटं होती, मग दोन, मग एक. दोघे म्हातारे काहीच करत नव्हते. शेवटी भोंगा वाजला, तांबडा दिवा लागला आणि नात हळूच म्हणाली, "हरलो."

"आण ती किल्ली," दादा म्हणाले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

लहानपणी त्या खिळ्याची स्प्रिंग इतकी कडक लागे की एका पोराला ते कुलूप उघडता येत नसे. धाकट्याने दोन्ही अंगठ्यांनी खिळा दाबायचा आणि थोरल्याने किल्ली फिरवायची, अशी वाटणी होती. आता दादांना ते एका हाताने सहज जमलं असतं. पण ते दारापाशी थोडे उजवीकडे सरकले, फळीवर सरकून जागा करायचे तसे.

"दाब खिळा," ते म्हणाले. "आणि घाई करू नकोस. मी सांगेन तेव्हाच सोड."

काकांनी दोन्ही अंगठे लावले आणि दादा सांगेपर्यंत सोडले नाहीत.