डब्यावरचं कुंकू

भोसरीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघं मित्र एक डबा बनवत होतो. कारखान्यातलं मशीन कधी आणि किती वेळ बंद राहिलं, हे तो मालकाच्या मोबाइलवर सांगणार होता. मित्रानं त्यासाठी नोकरीतून बिनपगारी रजा घेतली होती. दसरा झाला की एक तर कामावर हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. सगळं चाकणच्या एका कारखान्यातल्या चाचणीवर अडलं होतं.

खंडेनवमीच्या दुपारी आमच्या मोबाइलवर डब्याची काहीच खबर येईना. सण आहे, मशीन बंद असणार, असं आधी वाटलं. पण बंद असल्याचंही कळवत नव्हता, म्हणजे डबाच गेला होता. मोटारसायकल काढून आम्ही चाकण गाठलं.

पूजा नुकतीच आटोपली होती. मशीन धुऊनपुसून चकाचक, त्याला झेंडूचा हार, आणि आमच्या डब्यालाही हळदकुंकू. वर नारळाचं पाणी. ते झाकणाच्या फटीतून थेट आत गेलं होतं. धूळ, तेल, हादरे, सगळ्याचा विचार केला होता आम्ही, पूजेचा नाही. वडील कामाला होते त्या कंपन्यांत याच पूजेचे पेढे खाऊन वाढलेले आम्ही दोघं! स्वतःचाच इतका राग आला की हातावरचा पेढा तोंडात घालवेना.

मालक मात्र खुशीत होते. "मागं दुसऱ्यांचे डबे बसवले व्हते. पहारा ठेवलाय म्हणून कामावरच्या पोरांनी वायरी उपटल्या. तुमच्याला त्यांनी कुंकू लावलंय, म्हंजी त्यो आता मशीनचाच झाला. सगळ्या मशिनींना बसवा. पर झाकण नीट करा, राव."

हसावं की रडावं, कळेना. परतताना मोशीच्या सिग्नलला मित्रानं मागून विचारलं, "आपण पास झालो की नापास?"

"ऑर्डर मिळाली ना?"

"बंद पडलेल्या डब्याला मिळाली. मी राजीनामा कशाच्या भरवशावर देऊ?"

सिग्नल सुटला, मी गाडी पुढं काढली. दसऱ्यानंतर त्यानं राजीनामा दिला, तो का दिला, हे त्यालाही धड सांगता येत नाही.

आता दर खंडेनवमीला आम्ही गाळ्यात नवे डबे ओळीनं मांडतो. मित्र प्रत्येकावर नारळाचं पाणी ओततो आणि आम्ही दोघं श्वास रोखून डब्यावरच्या बारक्या दिव्याकडे बघत राहतो. दिवा विझला नाही, तरच तो कुंकू लावतो.