दुसऱ्या गावचं हवामान

आमच्या इमारतीत तिला सगळे इशारेबाई म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं आणि ते चिकटलं याचा मला बरेच दिवस अभिमान वाटत होता. माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, आणि उरलेल्या वेळात सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मिरवतो. नावं ठेवायला माझ्याकडे वेळच वेळ होता.

बाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकंभोकं असलेला बोर्ड, आणि हाताने दोऱ्या खोचून याला त्याच्याशी जोडून द्यायचं. त्या एकतीस वर्षांत तिने काय काय ऐकलं असेल ते तीच जाणे. पण एकदाही, अगदी चहा पिताना गप्पांच्या ओघातसुद्धा, कोणी कोणाला फोन केला होता हे तिच्या तोंडून निघालं नाही. एवढंच म्हणायची, "लाइनवर तिसरा कान असतोच. तो माझा होता, म्हणून मला माहीत."

निवृत्त झाल्यावर तिने हा तिसरा कान मोबाइलमध्ये शोधायला सुरुवात केली. रोज सकाळी बरोबर आठ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर तिचा इशारा पडायचा. सावधान, पार्सल अडकलंय म्हणून फोन आला तर नाव सांगू नका. सावधान, मुलाच्या आवाजात कोणी रडत असेल तर आधी फोन ठेवा आणि मुलाला स्वतः लावा. सावधान, अमक्या दवाखान्याच्या पेशंटांची यादी फुटली आहे, तुमचे रिपोर्ट तिथे असतील तर पासवर्ड बदला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर ती जखमेला लावायची पट्टी चिकटवायची. दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागितला की कधीच बंद झालेल्या आपल्या एक्स्चेंजच्या चौकशीचा नंबर द्यायची, तोही खणखणीत आवाजात. ताक फुंकून पिणारे पुष्कळ पाहिले, ही पाणीसुद्धा गाळून, उकळून, वर झाकण ठेवून प्यायची.

आम्ही हसायचो. उंटावरून शेळ्या हाकणारी, लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी, काय काय म्हणायचो. पण ग्रुपवर उघड हसायला अडचण होती, कारण ती तिथे होती. म्हणून आम्ही सात जणांनी दुसरा ग्रुप काढला. त्याचं नाव 'इशारेबाई फॅन क्लब'. तिचा इशारा आला की तो तिकडे जायचा आणि मग ज्याच्या त्याच्या अकलेला धुमारे फुटायचे.

या सातांत तिचा जावईसुद्धा होता.

हे नीट सांगायला हवं. तिची एकुलती एक मुलगी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांसाठी जी प्रयोगशाळा असते, तिथे प्लास्टरच्या साच्यावर मेणाचे दात बसवायचं काम. जावई त्याच प्रयोगशाळांना प्लास्टर, मेण, पावडरी विकत फिरायचा. लग्नानंतर दोघं आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहिली. बाई पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या.

जावई म्हणजे साखर पेरत जाणारा माणूस. मला काका म्हणायचा. लिफ्ट बंद पडली की माझ्या बायकोच्या पिशव्या वर आणून द्यायचा. प्रत्येकाच्या वाढदिवसाला पहिला मेसेज त्याचा. आणि आठवड्यातून दोनतीनदा वरून आवाज यायचे. आधी भांड्याचा, मग दाराचा, मग काही नाही. ते 'काही नाही' फार लांबायचं. माझी बायको उठून टीव्हीचा आवाज वाढवायची. चौथ्या मजल्यावरचेही वाढवायचे. मग सगळ्या इमारतीत एकच मालिका एकदम ऐकू यायची.

एकदा मुलीचा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये होता. "बाथरूममध्ये पाय घसरला," जावई म्हणाला, ती काही बोलायच्या आधीच. मी म्हणालो, "वा, प्लास्टरवाल्यांच्या घरात प्लास्टरला काय तोटा!" जिन्यात उभे असलेले सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तो हसला. मुलगी खाली बघत होती, आणि बाई माझ्याकडे. मी तो विनोद नंतर फॅन क्लबवरही टाकला.

पुढच्या महिन्यात मुलगी निघून गेली. एका दुपारी, नेसत्या कपड्यांनिशी, फोनसुद्धा घरात ठेवून. कुठे गेली ते फक्त आईला माहीत होतं. आई इथेच राहिली, कारण दोघी नाहीशा झाल्या असत्या तर त्याने दोघींना शोधलं असतं, आणि म्हातारं माणूस लपत नाही. रोज संध्याकाळी सात वाजता बाईच्या फोनवर एका अनोळखी नंबरावरून एक टिंब यायचं. नुसतं टिंब. म्हणजे मी जिवंत आहे, ठीक आहे. बाई उत्तर द्यायची नाही. पहिल्या मजल्यावर रेंज कमी, म्हणून ती पावणेसातलाच येऊन दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसायची. टिंब आलं की गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि खाली जायची. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटायचं, बाई माझ्या दारात वायफाय चोरायला बसते.

मुलगी गेल्यावर बाई माझ्याकडे आली. "सेक्रेटरीसाहेब, जावयाला ग्रुपमधून काढा. त्याने खोली सोडली, आता त्याचं इथे काय काम?"

आता आमच्या ग्रुपमधून तोवर कधीच कोणाला काढलेलं नव्हतं. घर विकून गेलेले त्यात आहेत. दोन माणसं वारलीत, तीही आहेत, आणि त्यांच्या वाढदिवसाला लोक अजून शुभेच्छा देतात. काढलं की ओळ उमटते, अमक्याने तमक्याला काढले, आणि ती सगळ्यांना दिसते. उगाच वाईटपणा कोण घेणार? मी म्हणालो, "बघतो." ती पुन्हा आली. मी म्हणालो, "मीटिंगमध्ये घेऊ." तिसऱ्यांदा आली तेव्हा हात जोडून उभी राहिली. मला कसंसंच झालं आणि मी तिच्यासमोरच त्याला काढला.

लगेच त्याला फोनही केला. म्हटलं, राग मानू नकोस रे, म्हाताऱ्या बाईचं मन राखायला लागतं. तो म्हणाला, "काका, मी समजू शकतो. आईंची काळजी घ्या." इतका गोड बोलला की मलाच लाज वाटली. म्हणून फॅन क्लबमध्ये राहू दिला. तिथे काय, टवाळकीच तर असते.

असं वर्ष गेलं. मग चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांना कोणीतरी फोनवर दोन तास बोलण्यात अडकवून ठेवलं, त्यांच्या फोनचा पडदा लांबून बघितला आणि सगळी गुपितं काढून घेतली. इमारत हादरली. अचानक सगळ्यांना इशारेबाई आठवली. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात तिचा वर्ग ठेवायचं ठरलं. वीस खुर्च्या मांडल्या, नऊ माणसं आली, त्यातली पाच चहासाठी.

बाई इस्त्रीची साडी नेसून आली होती. तिने तिचा फोन ऑफिसातल्या टीव्हीला जोडला, म्हणजे तिचा पडदा आम्हाला मोठा दिसेल. आवाज थोडा कापत होता, पण सांगत होती झकास. कुठलं अ‍ॅप तुमचा ठावठिकाणा मागतं, ते कसं बंद करायचं. चुकून पाठवलेला फोटो सगळ्यांच्या फोनमधून कसा उडवायचा. "पण त्याला मुदत असते हं. उशीर केलात तर तो फक्त तुमच्याच फोनमधून जातो. बाकीच्यांकडे राहतो. म्हणून पाठवायच्या आधी डोळे उघडे ठेवा." मी हे ऐकलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण मी तेव्हा फॅन क्लबसाठी तिचा फोटो काढून त्याच्या खाली काय लिहायचं याचा विचार करत होतो.

पडदे सरकवता सरकवता तिच्या फोनवर हवामानाचं पान आलं. वर आमचं गाव, कडक ऊन. खाली दुसरं एक गाव, हलका पाऊस. तिचं बोट तिथे जरासं थांबलं. तेवढ्यात मी फोटो काढला. एक हात वर, तोंड उघडं, मागे मोठा टीव्ही. फॅन क्लबवर टाकला आणि खाली लिहिलं, "जगाला वाचवताना आपल्या बाई." धडाधड हसरे चेहरे आले. जावयाने तीन पाठवले आणि लिहिलं, "आईंची तब्येत छान दिसते. बरं वाटलं."

त्यानंतर दहाव्या दिवशी तो त्या दुसऱ्या गावात होता.

गाव लहान. कवळ्यांची प्रयोगशाळा तिथे एकच, आणि त्याचा धंदाच प्रयोगशाळांशी. एक फोन केला असेल, फार तर दोन. तीन दिवस तो दुपारच्या सुट्टीत समोरच्या फुटपाथवर नमुन्यांची बॅग घेऊन उभा राहिला. काही बोलला नाही, नुसतं हात हलवायचा. तिसऱ्या दिवशी आत गेला, मालकाच्या टेबलावर प्लास्टरचं पाकीट ठेवलं आणि विचारलं, "आमची बायको काम नीट करते ना?" मुलगी मागच्या दाराने निघाली. अंगावरचा मेण लागलेला अ‍ॅप्रनसुद्धा काढला नाही. पोलिसांकडे गेली तर त्यांनी विचारलं, त्याने केलं काय? उभा राहिला. मग? उभं राहणं काही गुन्हा नाही.

स्टँडवरून तिने आईला फोन केला. बाईने तो जसाच्या तसा मला सांगितला.

"आई, तू कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही गं."

"तुझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हतं."

आणि फोन बंद झाला. तो नंबरही बंद झाला. त्या दिवसापासून टिंब नाही.

हे सांगायला बाई माझ्या घरी आली होती, आणि मी समजूत घालत होतो. ती गेल्यावर मी सहज तो फोटो उघडला. दोन बोटांनी मोठा केला. टीव्हीचा कोपरा, तिच्या खांद्याच्या वर, स्वच्छ वाचता येत होतं. गावाचं नाव आणि हलका पाऊस. पंचवीस वर्षं मी लोकांना सर्वांत खालची ओळ वाचायला लावतोय. मी फोटो काढून टाकायला गेलो तर फोनने एकच पर्याय दिला. माझ्यासाठी काढा. मी काढला. बाकी सहा जणांकडे तो अजून आहे.

मी सांगायला हवं होतं. किती सोपं होतं ते! खाली एक मजला उतरायचं आणि बोलायचं. मुलीला कधीतरी कळलं असतं की आईने तोंड उघडलं नव्हतं. मी सात वेळा चप्पल घातली आणि सात वेळा काढली. माणूस किती भित्रा असू शकतो ते मला माझ्या चपलांनी सांगितलं.

काल संध्याकाळी बाई पायरीवर बसली होती. टिंब येणं थांबून दोन महिने झालेत, तरी बसते. मी दुकानातून येत होतो. तिने मला थांबवलं. "भाऊ, बसा जरा." आजवर कधी भाऊ म्हणाली नव्हती.

"मला माझी चूक सापडली," ती म्हणाली. "पेपरात आलंय, ही हवामानाची अ‍ॅप्स आपण कुठलं गाव बघतो ते विकतात. ज्याला पाहिजे तो विकत घेतो. मी रोज तिकडचं हवामान बघायचे. पाऊस असला की वाटायचं, हिने छत्री नेली असेल का? सगळ्यांना शिकवत फिरले आणि स्वतः..." तिने फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर ते गाव होतं, लख्ख ऊन. "हे काढून टाका. माझ्याने होत नाही. बोट जातच नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोराच्याच हातात दोर दिला होता. मी गावावर बोट दाबलं. फोनने विचारलं, काढायचं का? मी हो म्हटलं. गाव गेलं. आता तिची मुलगी जिथे आहे तिथे ऊन आहे की पाऊस, हे विचारायला तिच्याकडे गावाचं नावही नाही.

"तुम्ही तेव्हा त्याला ग्रुपमधून काढलंत," बाई डोळे पुसत म्हणाली. "एवढं तरी कोणी केलं माझ्यासाठी. ते उपकार मी विसरायची नाही."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. फॅन क्लब. जावयाचा मेसेज होता, "काका, बरेच दिवस काही नवीन नाही? आईंचा एखादा फोटो टाका ना."

"कोणाचा आहे?" बाईने विचारलं.

"कोणाचा नाही. अनोळखी नंबर. जाहिरात असेल."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात जुना कडकपणा आला. "उघडू नका," ती म्हणाली. "आधी ब्लॉक करा."

"करतो," मी म्हणालो, आणि फोन खिशात ठेवला.